मोबाइलमधली ताई

माझं माहेर राजगुरुनगरच्या पल्याड, सासर चाकणजवळ. लग्न होऊन आले तव्हा दारातनं बटाट्याचं वावर दिसायचं, आता कंपनीची भिंत दिसती. दहावी पास सून म्हणून गावानं मला अंगणवाडीत बसवली, तवापासनं बसलेच हाय. तव्हा माझ्यापाशी काय होतं, चिंचोके, खडे आन् एक लाकडी बाहुली, तिला एकच हात. त्यावर शिकलेली पोरं आता शिफ्टला जात्यात, रस्त्यात दिसले की गाडी थांबवून ताई म्हणत्यात.

आता भिंतीवर टीव्ही हाय, हातात मोबाइल हाय. हजेरी त्यात, वजन त्यात, उंची त्यात, खिचडी वाढली तर तिचा बी फोटो त्यात. काय सांगू तुम्हाला, पोरगं रडत असलं तरी आधी फोटो, मग डोळे पुसायचे. पण मोबाइल वाईट असं मी म्हणत न्हाई हां, मला नेमकं काय म्हणायचं तेच मला कळत न्हाई. तुमी लिवून घेताय तर घ्या, तुमाला काय उमगलं तर मलाबी सांगा.

तर गौरीचं सांगत होते. न्हाई, अजून सांगितलंच न्हाई व्हय? गौरी म्हंजे आमच्या पत्र्याच्या चाळीतली, चार वर्षांची. आईबाप हिंगोलीकडचे, दोघं कंपनीत, एक सकाळच्या शिफ्टला तर दुसरं दुपारच्या. पोरगी यायची, डबा ठेवायची, बसायची, तोंडातनं शब्द न्हाई. चिंचोके दिले तर पाच-पाचाच्या रांगा बरोबर लावायची, पण एक-दोन म्हण म्हणलं की चिडीचूप. असे चार महिने गेले. जूनमधी ती शाळंत बालवाटिकेला, म्हंजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला जाणार, तिथं मुकी म्हणून बाजूला बसवली तर काय, ह्याचा मला घोर लागला. तिच्या आईला, सुनीताला, इचारलं, घरी बोलती का ग? तर ती म्हणती, बोलती की बाई, मोबाइल घेऊन दिसभर बोलायलीच असती.

झालं! मी म्हणलं, तिथंच घोटाळा हाय. मोबाइल बंद कर म्हणलं, एकदम बंद. सुनीता साधी बाई, ताई म्हणली म्हंजे तिला पुढं इचारायचं नसतं. कंपनीत मोबाइल आत नेऊ देत न्हाईत, म्हणून तिचा मोबाइल घरीच पोरीपाशी राहायचा, तो तिनं ट्रंकेत घातला आन् कुलूप लावलं.

पंधरा दिवसांनी डोळे पुशीत आली. बाई, लेकरू घरी बी बोलंना झालंय, ट्रंकेपाशीच बसून राहायलंय. मी म्हणलं, व्हईल सवय, काय बघायची एवढं त्यात? तर म्हणती, बघायची न्हाई हो, ऐकायची. तुमचंच ऐकायची.

माझं? मग उलगडलं. आमचा पोरांच्या आयांचा मोबाइलवर ग्रुप हाय, त्यात मी रोज एक गोष्ट बोलून पाठवते. दुपारी घरी गेले की सूप घेऊन तांदूळ निवडत बसते, मोबाइल शेजारी ठेवते, आन् निवांत बोलते. मधीच इचारते, मग मनीमाऊनं काय खाल्लं? आन् जरा थांबते. त्या थांबण्यात गौरी उत्तर द्यायची. परत लावायची, परत द्यायची. म्हंजे मी जो मोबाइल कुलपात घालायला लावला त्यात मीच होते! आन् इथं समोर चार महिने मी बसलेली, तर माझ्याशी बोलंना. सांगा आता, डोकं फिरंल का न्हाई माणसाचं?

सुनीताचा हात धरून म्हणलं, चुकलं बाई माझं, दे तिला मोबाइल. तिनं दिला, तर पोरगी हात लावंना. रुसली. मला वाटलं, माझ्या एका शब्दानं पोरीची वाचा गेली.

मग एक दिस मदतनीस आली न्हाई, म्हणून खिचडीचे तांदूळ मीच पाखडाय बसले. समोर गौरी. सूप रिकामं केलं, झटकाया तोंडापुढं उभं धरलं, आन् हातात सूप असलं की सवयच ना, तोंडातनं निघून गेलं, मग मनीमाऊनं काय खाल्लं?

पल्याडनं आवाज आला, दूधभात.

मी सूप खाली घेतलं न्हाई. दूधभात झाला, मासा झाला, मनीची पिल्लं झाली. जरा खाली घेतलं की तोंड बंद, वर धरलं की चालू. मग तिनंच इचारलं, तू ट्रंकेतल्या ताईला वळखती का? मी म्हणलं, व्हय, माझ्या वळखीची हाय, कशी हाय ग ती? तर म्हणती, चांगली हाय, मधीच उठून जाती न्हाई.

रडले हो मी सुपामागं. फोटो ऱ्हायला म्हणून उठायचं, हजेरी ऱ्हायली म्हणून उठायचं, आमच्या वरच्या मॅडमचा फोन आला म्हणून उठायचं. ती तोंड उघडाया लागली तव्हाच मी उठले असंल का, कितींदा उठले असंल, मला आठवतबी न्हाई.

आता बोलती. सूप आधी डोळ्यापत्तुर खाली आलं, मग हनुवटीपत्तुर, आता मांडीवर असतं. मॅडम खूश झाल्या, फॉर्म पाठवला, पोरगी कशानं बोलली, डिजिटल साधनानं का पारंपरिक साधनानं, एकावरच टिचकी मारायची. सुपावर मारू का मोबाइलवर? तसाच उघडा ठेवलाय.

पण रोज थोडा वेळ मोबाइल डाळीच्या डब्यात घालते, झाकण लावते आन् गौरीपुढं बसते. काल त्यातच वाजाया लागला. मी उठले न्हाई. गौरी डब्याकडं बघून म्हणती, जा, ती ताई तुला बोलवायली. मी म्हणलं, बोलवू दे, तू सांग. तर सांगाया लागली. बोलती ऱ्हावू दे लेक माझी, कुठल्या का ताईशी व्हईना.