जाईबाईचा पासपोर्टचा फोटो

एकोणसाठ साली अकोल्यात एका फोटो स्टुडिओच्या बाकावर मी बसलो होतो. शेजारी हिवरखेडचे पुंजाजी आणि त्यांची बायको जाईबाई बोलत होते.

“जाई, लंकेले कावून जातं व? गया जवळ हाये.”

“गयेले आपुन जाऊन आलो नं. तिथल्या बोधीवृक्षाची फांदी लंकेत लावली, आता ते झाड पाह्यतो.”

“मधात समुद्र हाये.”

“बोट हाये. विहारातले सारे जाऊन राहिले.”

“तुले तं नाल्याच्या पान्याचं भेव वाटते.”

“वाटते. तरी जाईन.”

“अन् समुद्रात कोनी अडवलं मंग?”

“गावच्या विहिरीवर अडवलं होतं, तवा मी लहान होती. माही घागर फोडली. समुद्रावर कोन काठी घेऊन उभं राह्यते?”

पुंजाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

“मी नाही आलो तर?”

“तर विहारातल्या मैनाबाईच्या संगं जाईन. तुमची भाकर सून करंल.”

फोटोवाल्यानं हाक मारली. जाईबाई आत जाऊन खुर्चीवर ताठ बसल्या. फोटो काढून त्या बाहेर आल्या, तेव्हा पुंजाजी उठून दारात उभे होते.

“फोटूवाले भाऊ, पासपोर्टच्या फोटूले टोपी काढा लागते का?”