इंद्रजितनं काळा डबा काढला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगमहाराज, तुम्हीही हात मोकळे करा. आज एकच प्रश्न विचारणार आहे. जो आपल्याला अडवतो, तो आपला वैरी की कैवारी?

"वैरी!" — हे कोण बोललं? मागून आलं बघा. लग्नाला किती वर्षं झाली, भाऊ? ... असू द्या, नका सांगू. वहिनी पुढंच बसल्यात.

तर ऐका! बार्शीत इंद्रजित थोरवे नावाचा गृहस्थ. कापडाचं दुकान, वय चाळिशीच्या आसपास, पोट जरा पुढं, आणि सगळा जीव एका गाडीत. गाडी परदेशी! दोनच दरवाजे, आणि बुटकी एवढी की गल्लीतला गतिरोधक आला की तिरकी करून न्यावी लागायची. पण मोकळ्या रस्त्याला लागली, की मागचा माणूस फक्त धूळ बघायचा.

या इंद्रजितची थोरली बहीण कौसल्या. सगळे अक्का म्हणायचे. आईबाप लवकर गेले. अक्कानं स्वतःचं लग्न बाजूला ठेवलं, भावाला वाढवलं, त्याच्या जोडीनं दुकान उभं केलं. इंद्रजित पुढं गादीवर बसायचा — या काकू, हा रंग तुम्हालाच शोभतो! अक्का आत टेबलाशी बसायची. आणि इंद्रजितनं काही नवं काढलं, की तिचं एकच: "एवढ्यात नको रे." काचेचं शोरूम बांधू? एवढ्यात नको. सोलापूरला शाखा काढू? एवढ्यात नको. मंडळी, हे ऐकून ऐकून त्याच्या मनात बसलं — अक्का अडवते.

आता जरा इंजिनाकडं वळू. इंजिनाला काय लागतं? पेट्रोल! शाबास. आणि? ... अहो, श्वास लागतो! ती हवा एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून आत जाते, डब्यात गाळणी असते. कारखान्यातूनच बसवून येतो तो डबा. दिसायला? फराळाच्या डब्यालाही त्याहून बरं रूप असतं.

मोबाइलवरच्या एका व्हिडिओतल्या माणसानं इंद्रजितला सांगितलं — हा डबाच हवा अडवतो! फेकून द्या, आमचा उघडा फिल्टर लावा, इंजिनाचे घोडे मोकळे सुटतील! नाव काय त्या फिल्टरचं? 'कोल्ड एअर इनटेक'. थंड हवेचं नळकांडं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण घाई नको, तिकडं येतोच आपण.

पार्सल आलं. एका रविवारी सकाळी आंघोळ, देवपूजा उरकली, बॉनेट उघडलं. क्लिपा सोडल्या, नळी ओढली, काळा डबा बाहेर! उघड्या नळीत काही पडू नये म्हणून तोंडाला फडकं कोंबलं. चमकती ॲल्युमिनियमची नळी बसवली, टोकाला लालबुंद शंकूसारखा फिल्टर, पट्ट्या आवळल्या. फडकं आठवणीनं काढलं — हुशार माणूस! एक नट उरला. मंडळी, उरतोच. घरच्या घरी केलेलं काम आणि एकही नट उरला नाही, तर समजावं, काहीतरी चुकलंय.

चावी फिरवली, पाय दाबला — भ्राँऽऽव! आणि पाय उचलला की फुस्स! समोरच्या जोशीकाकूंच्या हातातलं ताट पडलं. इंद्रजितच्या डोळ्यांत पाणी आलं. काय हा आवाज! काय ही ताकद! आता मला सांगा, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली का? तुमच्या गावात निवडणुका होतात ना? मग मी कशाला सांगू.

गाडी बंद करून हात पुसता पुसता त्याच्या मनात आलं: एक अडवणारा काढला तर एवढा फरक. मग दुसरा?

सोमवारी दुकानात अक्काच्या टेबलाशी गेला. अगदी गोड आवाजात म्हणाला, "अक्का, खूप केलंस. आता घरी राहा. आराम कर."

आराम कर! मंडळी, माणसाला जागेवरून उठवायला याहून गोड शब्द मराठीत नाही.

अक्कानं त्याच्याकडं पाहिलं. म्हणाली, "बरं." चष्म्याचं घर उचललं आणि निघाली. संध्याकाळी जेवताना शांतपणे सांगितलं, "पाचगणीला मालन बोलावतेय, माझी शाळेतली मैत्रीण. पुढच्या सोमवारी जाते. कायमचीच."

या अक्कानं इंद्रजितला भरवलं होतं, शाळेत नेऊन बसवलं होतं. पण त्याचं डोकं गाडीत होतं. रविवारी गाड्यांची शर्यत होती, त्यानं नाव दिलं होतं ना! ती होऊ दे, मग बघू.

इकडं दुकानात काय झालं? मंगळवारी एक बाई आली, धुतलेली साडी घेऊन. रंग गेला, बदलून द्या! बुधवारी सुरतेचा व्यापारी फोनवर ओरडला. गुरुवारी दोन नोकर एकमेकांच्या अंगावर धावले. इंद्रजित चक्रावला. हे सगळं आजच कुठून उपटलं? अहो, आजच कुठलं! रोजचंच होतं ते. आत टेबलाशी जात होतं, तिथं चहा पीत होतं आणि गार होऊन परत जात होतं. आता थेट गादीवर यायला लागलं. शुक्रवारपर्यंत इंद्रजितनं तीन गिऱ्हाइकं भांडून घालवली. तरी डोक्यात उजेड नाही!

रविवार आला. शहराबाहेर विमानांची जुनी बंद धावपट्टी, सरळ रेघेत शर्यत, वैशाखाचं ऊन. गाड्या रांगेत उभ्या, इंजिनं चालू. इंद्रजितच्या शेजारी सोलापूरच्या दाताच्या डॉक्टर, मंजूषा गुळवे. गाडी तीच, रंगसुद्धा तोच. फरक एवढाच की बाईंनी गाडीला हातसुद्धा लावला नव्हता. आयुष्यभर दात काढले, पण डबा नाही काढला!

झेंडा पडला. इंद्रजितची गाडी गरजली — भ्राँऽऽव! आणि बाईंची गाडी मुकाट्यानं पुढं निघून गेली. पुढं म्हणजे किती? त्याला नंबरप्लेट वाचता येईना एवढी.

बाई परत आल्या. म्हणाल्या, "थोरवे, बॉनेट उघडा बघू." उघडलं. आतून गरम झळच आली. इंद्रजितनं त्या लाल फिल्टरला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"डबा कुठाय?"

"काढला. हवा अडवत होता."

"हवा कुठली अडवतोय! तो समोरून बाहेरची गार हवा घेतो आणि इंजिनाची धग आत येऊ देत नाही. धग अडवतो हो तो! तुमची गाडी आता स्वतःचीच धग पितेय. गरम हवा पातळ असते. त्यात कसला आलाय जोर?"

इंद्रजित तिथंच टायरला टेकून बसला. साडीवाली बाई आठवली, सुरतेचा फोन आठवला, आतलं टेबल आठवलं. तसाच उठला, बार्शी गाठली, चपलासुद्धा न काढता घरात गेला. अक्का पिशवी भरत होती.

"अक्का, जाऊ नको! मला आज कळलं. तू माझा डबा आहेस!"

हसू नका, मंडळी. तो रडत होता.

"पाणी पी आधी," अक्का म्हणाली. "कसला डबा?"

त्यानं सगळं सांगितलं. धग तू सोसत होतीस, म्हणून मी गार होतो. उद्यापासून दुकानात ये, तुझी जागा तुझीच.

इथं टाळी पडायला हवी, नाही का? अडवणारा तोच कैवारी, प्रश्न सुटला, प्रसाद वाटा! पण अक्का काही आपल्या सोयीसाठी जन्माला आली नव्हती. तिनं पिशवीची चेन लावली. म्हणाली —

"म्हणजे डबा परत बसवायचा. धग डब्याला, हवा तुला. एवढंच कळलं होय रे?"

इंद्रजित तिच्या पायाशी खाली बसला.

"इंद्या, मी रागावले नाही. तू आराम कर म्हणालास, त्या दिवशी मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीत बसले. वारा आला. कुणी ओरडत नव्हतं. असा वारा मी कधी घेतला होता, मला आठवेना. त्या डब्याला कधी कुणी विचारलं का, तुला गरम होतंय का?" मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मला आता माझी हवा घेऊ दे."

गाडीचा डबा त्यानं त्याच संध्याकाळी बसवला. चार क्लिपा, चहा निवायच्या आत काम झालं. डबा परत बसतो, मंडळी! माणूस बसेलच असं नाही. सोमवारी दुकान बंद ठेवून तो स्वतः अक्काला पाचगणीला सोडून आला. आता आतल्या टेबलाशी तो बसतो. साडीवाल्या बाईंना चहा तोच देतो. अक्का परत आली का? नाही आली.

आता तुमच्याकडं येतो. तुमच्या घरची धग कोण सोसतंय, हे तुम्हाला कथा ऐकताना आठवलंय. मला तोंडं दिसतात. त्या माणसाचे आभार मानू नका, आभार फुकट असतात. त्याला उठवा, वाऱ्याला बसवा, आणि त्याच्या जागी तुम्ही उभे राहा!

कधी? आत्ता. मंडपामागं पहाटेपासून चुली पेटल्यात. गावातल्या बाया तिथं हजार माणसांचा स्वयंपाक करतायत. कीर्तनातला एक शब्द त्यांच्या कानावर पडलेला नाही. तेव्हा आज पहिली पंगत त्यांची! वाढायला पुरुष.

करा हात वर. ... चार. एवढ्या मंडपात चार?

बसा निवांत. आरतीची मला घाई नाही, मी थांबतो.