वॉल्टरचा अर्धा सेंट

हॅलो?… कोण, अदिती? अगं, आज ऑफिसातून फोन केलास… हो, जेवलो. कढी गरम करून घेतली.

काय?… वॉल्टरने? तुला फोन केला?… ऑफिसात?

अगं ऐक ना… नाही, आधी सांग, काय म्हणाला?… "वाईट वाटून घेऊ नकोस" म्हणाला? तुला?… अरे देवा.

थांब, बसतो जरा… हो, तेच. आमच्या नाण्यांच्या क्लबातला वॉल्टर. त्याचा तांब्याचा अर्धा सेंट. टांकसाळीने मागाहून, जुन्याच ठशांवर, हौशी लोकांसाठी मोजके पाडले होते ना, त्यातला. मीच हावरटासारखा मागे लागलो, दिवाळीपुरता घरी नेऊ का म्हणून. त्याने रुमालात गुंडाळून दिला.

नाही गं, तू कशाला हात लावशील! मीच. लक्ष्मीपूजनाची तयारी म्हणून ताम्हन, पळी चिंचेनं घासत बसलो होतो… हो, तूच आणलेली, इंडियन स्टोअरमधली. हात आपला चालू होता. नाणं लक्ष्मीपुढे ठेवायचं, मग असं काळपट कसं ठेवू, असं वाटलं आणि… हो, लखलखीत झालं. तेच तर! जुन्या तांब्यावरचा तो चॉकलेटी रंग, त्यावरची निळसर झाक… गेली. ती परत येत नाही.

ठाऊक होतं गं. क्लबात मीच सगळ्यांना बजावत असतो, तांबं कधी घासू नका. म्हणून तर… परत देताना त्याने नाणं उजेडात धरलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माय डॉटर-इन-लॉ…

हो… तुझ्यावर ढकललं.

हसू नकोस. रागाव, पण हसू नकोस… नाही, "इट्स ओके, बाबा" नको… तू त्याला सॉरी म्हणालीस? काहीच माहीत नसताना? का पण?… मला सांभाळून घ्यायचं म्हणून?…

नाही… काही नाही. चष्मा पुसतोय जरा.

अवधूतला सांगितलंस?… नको सांगूस… नाही, सांग. सांगच, बापाचे प्रताप कळू देत त्याला.

थांब, बीप वाजतोय. दुसरा फोन… त्याचाच नंबर आहे… नाही, तू काही बोलायचं नाहीस. होल्डवरही राहू नकोस. तू आहेस म्हटलं की मी पुन्हा तुझ्याआड लपेन… ठेव. ठेव गं, बाळ.

हॅलो, वॉल्टर?… येस… येस, शी टोल्ड मी, व्हेरी काइंड ऑफ यू… नो, नो, शी इज फाइन…

नो, डोन्ट हँग अप. वॉल्टर, प्लीज… इट वॉज नॉट हर.