चोचीवरचे दोन दात

...आणि वर मलाच म्हणतात, सिंतो, तू थापा मारतोस. मी? तुम्हाला सांगतो, गावच्या संताची, सान रोकेची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे, एक अक्षर पदरचं नाही, ही चोच मला आजोबांच्या तांदळाच्या पेटीत सापडली... म्हणजे पेटी आजोबांची नव्हे, आत्याची, आणि सापडली असंही नाही, मी शोधतच होतो, पण ते सोडा. चोच खरी आहे ना? तेवढं धरून चला.

चोच म्हणजे पाखराची नव्हे हो. सॅक्सोफोनचं जे टोक दातांत धरून फुंकतात, त्याला आम्ही बँडवाले चोच म्हणतो. बाकीच्यांची कारखान्यातली, काळ्या रबराची, एकीसारखी दुसरी. माझी काळीच, पण उन्हात धरली की आतून मधाच्या रंगाची रेघ दिसते, बाजूला कुणीतरी चाकूने मासा कोरलाय, आणि त्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. आणि आवाज? फिएस्टाच्या, म्हणजे संताच्या जत्रेच्या दुपारी चर्चसमोर आमचा जुना बँड कुंडिमन, ते संथ प्रेमगीत, धरतो, त्यात मधे सोळा मात्रा सगळे थांबतात आणि मी एकटा वाजवतो. बाया डोळ्यांना रुमाल लावतात. कोंबड्यांच्या झुंजीवरून माणसं उठून येतात, पैज लावलेली माणसं. बावीस वर्षं गाव म्हणतंय, काय फुंकतो हा सिंतो. सिंतो कसला फुंकतोय, चोच फुंकते. हे मला माहीत, माझ्या बायकोला, लुदिंगला माहीत, आणि आता तुम्हाला. दुसरी कुठलीही चोच लावा, मी आपला टायरमध्ये हवा भरणारा, तो हवाच भरतो.

तर फिएस्टाला तीन आठवडे असताना तेम्योंग दुकानात आला. तेम्योंग नव्या बँडचा पुढारी. नवा बँड म्हणजे त्र्याहत्तर वर्षांचा. मिरवणुकीत सावलीच्या बाजूने कुणी चालायचं यावरून एक बँड फुटून दोन झाले, तेव्हापासून तो नवा. आमचे उस्तेंग आजोबा जुन्यात राहिले, त्याचे आम्बो आजोबा नव्यात गेले, दोघेही सॅक्सोफोनवाले.

"सिंतोभाऊ," तो म्हणाला, "ती चोच आमच्या आम्बो आजोबांची आहे. बऱ्या बोलानं द्या."

मी म्हटलं, "बावीस वर्षं झोपला होतास?"

"बावीस वर्षं आई म्हणत होती, जाऊ दे, सिंतोकडे दुसरं आहे काय. आता आई गेली."

बघा म्हणजे. मी चोच उचलून खिशात घातली.

प्रकरण गेलं कापितान पेलागियाकडे. ती आमच्या वस्तीची प्रमुख, बाई खमकी. ती म्हणाली, "ज्याच्या आजोबांनी ही बनवली किंवा आणली, त्याच्या घरात ती जाईल. फिएस्टाच्या आत मला सांगा, ही चोच आली कुठून."

सांगा आता. ही चोच आली कुठून? न्हावी म्हणाला, "अमेरिकन शिपायाच्या खिशातून पडली, माझ्या बापानं पाहिलं." त्याचा बाप तेव्हा जन्मला नव्हता. जहाजावर पंचवीस वर्षं स्वयंपाक केलेला एकजण म्हणाला, "फ्रान्सची, मार्सेलच्या बंदरात अश्शी ढिगानं." पाद्री म्हणाले, "स्पेनची, मासा बघा ना, मासा धार्मिक आहे." दोन डोळे एका बाजूला असलेला मासा धार्मिक? मला झोप लागेना, जेवण जाईना, दुकानात मी एका जीपनीच्या तीनच चाकांत हवा भरली आणि पाठवून दिली. डोक्यात एकच, ही चोच आली कुठून.

शेवटी मी आणि तेम्योंग एकाच बसनं मनिलाला गेलो. एकाच बाकावर बसून. चोच मधल्या सीटवर, तिचं तिकीट निम्मं निम्मं. तिथे किआपोच्या बाजारात वेन्सेस्लाओ म्हणून एक म्हातारा वाद्यं दुरुस्त करतो, ऐंशीच्या पुढचा, एक डोळा भिंगात अडकलेलाच. त्यानं चोच फिरवली, ठोकली, हुंगली, मग सुई लालबुंद तापवली आणि टोकाला टेकवली. माझ्या काळजालाच टेकवली म्हणा.

"काय धंदा तुझा?"

"टायरचा."

"मग वास घे. हे रबर आहे?"

केस जळाल्याचा वास. बावीस वर्षं मी जे तोंडात घालत होतो ते...

"शिंग," म्हातारा म्हणाला. "रेड्याचं. फ्रान्स नाही, स्पेन नाही. तुमच्याच गावात कुणीतरी पायरीवर बसून घरच्या चाकूनं कोरलंय. लढाईच्या दिवसांत कुठून मिळणार होती चोच? हाताशी रेडा होता." मग त्यानं भिंग वरच्या बाजूला नेलं. "आणि हे बघा, दात. वरचे दोन. उजवा सरळ, डावा आत वळलेला. रोज वर्षानुवर्षं चावल्याशिवाय शिंगावर असे खड्डे पडत नाहीत, तुझ्या दातांचे तर नुसते वरवरचे ओरखडे आहेत. हा वाकडा दात कुणाच्या घराण्यात आहे ते बघा. मला काय विचारता?"

परत येताना चोच मधे, आणि आम्ही दोघं खिडकीच्या काचेत स्वतःचे दात बघतोय. पुढच्या सीटवरची बाई जागा बदलून गेली.

गावात आधी रेडे निघाले. तेम्योंगनं आम्बो आजोबांच्या लग्नाचा फोटो आणला, मागे एक रेडा, एकच शिंग. "बघा कापितान, दुसऱ्याची चोच झाली."

मी म्हटलं, "दुसरं शिंग खांबाच्या मागे आहे."

"तो खांब नाही, ती माझी पणजी आहे."

कापितान म्हणाली, "रेडे पुरे. दात काढा."

आता आजोबांचे दात आणायचे कुठून? फोटोत दोघांचीही तोंडं मिटलेली, त्या काळी फोटोत हसले तर लोक वेडा म्हणत. मग कापिताननंच युक्ती काढली. दोन्ही घराण्यांतली सात सात माणसं बोलवली, प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानातलं पांढऱ्या चीजचं ढेकूळ, आणि हुकूम, "चावा. गिळायचं नाही." तुम्हाला सांगतो, म्हशीच्या दुधाचं ताजं, खारट चीज तोंडात धरून गिळायचं नाही, ही शिक्षा आमच्या लोकांना कुठल्या सरकारनं दिली नव्हती. माझ्या काकानं गिळलंच. त्याला दुसरं दिलं, तेही गिळलं. तिसऱ्या वेळी लुदिंगनं त्याचं नाक धरलं तेव्हा कुठे ठसा आला. चौदा ढेकळं टेबलावर ओळीनं मांडली, दातकोरण्याला नावाची चिठ्ठी लावून प्रत्येकात एकेक खोचली, आणि कापितान म्हणाली, "उद्या सकाळी दाताचा डॉक्टर येईल, तो चोच लावून बघेल. तोवर कुणी हात लावायचा नाही." तेम्योंगला घरी पाठवलं, मला म्हणाली, "मी मेरिएंदाचा फराळ करून येते, तू दाराशी बस, मांजर येईल."

पंधरा मिनिटं मी तिथे होतो. मी, चौदा चीजं, आणि खिशात चोच. त्या पंधरा मिनिटांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. पुढे चला.

घरी आलो. लुदिंग तिनोला करत होती, कोंबडी, आलं, हिरवी पपई, मोठं पातेलं, कारण फिएस्टाचे पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, उद्या डॉक्टर बघणार, चोच जरा पुसून ठेवू. पुसता पुसता हात सटकला. सरळ पातेल्यात. बुडुक. लुदिंग म्हणाली, "अरे काढ की", मी डाव शोधला, डाव सापडेना, आमच्या घरात डाव कधी वेळेवर सापडलाय? बाहेर काढली तेव्हा...

शिंग आहे हो ते. उकळत्या पाण्यात शिंग मऊ होतं, फुगतं, हे रबरवाल्याला कसं कळणार? वरचे खड्डे भरून आले होते. सपाट. तान्ह्या मुलाच्या हिरडीसारखं. आणि चोचीचं टोक वर उचललेलं, जांभई दिल्यासारखं.

डॉक्टरनं सकाळी पाहिलं, म्हणाला, "दात कुठायत?" आल्याचे पैसे घेऊन गेला, जाताना चीजही घेऊन गेला. कापिताननं चोच हुंगून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "फिएस्टात वाजव. आवाज ऐकून गाव ठरवेल."

वाजवलं. कुंडिमन सुरू झालं, सोळा मात्रा आल्या, सगळे थांबले, बायांनी रुमाल काढून तयार ठेवले. पहिल्या दोन मात्रा नुसती हवा. मग एक आवाज निघाला... ओल्या रबरी चपला घालून कुणी गुळगुळीत फरशीवर घाईघाईनं चालत जातं ना, तसा. चौदा मात्रा तो माणूस चालत होता. एका बाईनं रुमाल घडी करून परत पर्समध्ये ठेवला, ते मला अजून दिसतं.

तेम्योंग स्वतः आला, माझ्याशेजारी बसला, बियरची बाटली पुढे केली. "भाऊ, माफ करा. ही आम्बो आजोबांची नाही. ते असं वाजवत असते तर आजीनं त्यांच्याशी लग्नच केलं नसतं. उस्तेंग आजोबांबद्दल मात्र ऐकलं होतं मी, तसेच वाजवायचे म्हणे."

झालं. ठरलं. कापिताननं शिक्क्याचा कागद दिला, चोच उस्तेंग आजोबांनी बनवली, हक्क सिंतोचा. भिंतीवर लावलाय. खाली खिळ्याला चोच टांगलीय, आणि मी कारखान्यातली रबराची लावून सगळ्यांबरोबर वाजवतो, मधल्या सोळा मात्रा आता ट्रम्पेटवाल्याला दिल्यात. कुणी विचारलं की ही चोच आली कुठून, तर मी कागदाकडे बोट दाखवतो.

आता तुम्ही इतकं ऐकलंत म्हणून सांगतो. यातलं सगळं खरं आहे, मासा खरा, रेडा खरा, काकानं दोनदा गिळलं तेही खरं. एकच गोष्ट रचलेली. हात सटकला नव्हता. त्या पंधरा मिनिटांत मी चोच चौदाही चीजांवर लावून पाहिली. आमची सातही जुळेनात. तेम्योंगच्या धाकट्या मुलीच्या चीजवर अशी जुळली, जसे एकाच पायाचे दोन ठसे. घरी येऊन मी ती स्वतःच्या हातानं पातेल्यात सोडली आणि वर झाकण ठेवलं. लुदिंगनं विचारलं, "किती वेळ?" मी म्हटलं, "दात जाईपर्यंत."

दात अर्ध्या तासात गेले. सूर त्याच्याही आधी गेला असणार, पण तो काय वर तरंगताना दिसतो थोडाच.