उघाडीवर एकटं सोडत नाय

मी तळवलीचा. लिहिनं-वाचनं सही करन्यापुरतं. बाप मिठागरावर होता, म्हनून मी पन मिठागरावर. आता तिकडं बिल्डिंगी झाल्या, आमच्या चाळीचं भाडं येतं, खायला कमी नाय. पन वाढनारी गेली. यमुना, माझी बायको. ती कशी गेली ते आधी सांगतो, म्हनजे नातीच्या बाबतीत मी एवढा का भडकलो ते तुमाला कळंल.

छातीत दुखलं म्हनून मोठ्या दवाखान्यात नेली, आयसीयूत ठेवली. मी भेटायला आत गेलो तर तिच्याजवळ एक नवी पोर, एकटीच. जनरल वॉर्डातून नुकतीच तिथं आनलेली, ते मागून कळलं. मशीन वाजाय लागली. पोर बटन दाबते, वायर बघते, परत बटन दाबते, आनि इकडं यमुनाचे ओठ निळे पडत चाललेले. मी म्हनलं अगं मशीन सोड, तिच्याकडं बघ. पोर परत बटनाकडंच. आनि काय सांगू तुमाला, यमुनानी, जिला स्वताला श्वास येत नव्हता तिनी, त्या पोरीचा हात धरला नि म्हनली, घाबरू नको बाय. मंग मोठ्या नर्सा धावत आल्या, मला बाहेर काढला. संध्याकाळी ती गेली. डॉक्टर म्हनला हार्टच गेलं होतं, कोनीबी असतं तरी वाचली नसती. नसती वाचली, मान्य. माझा मुलगा रमेश पोरीवर कंप्लेंट करायला निघाला, मी म्हनलं पोरीवर कशाला, तिला तिथं एकटी उभी कोनी केली त्याला विचार.

आता ह्या रमेशची मुलगी प्राची, ती पन नर्स, दुसऱ्या दवाखान्यात. जनरल वॉर्डात, अजून नवीनच. यमुनाचं वर्षश्राद्ध पन झालं नव्हतं नि ही पेढे घेऊन आली. आजा, मला सोमवारपासून आयसीयूत घेतलं. मी पेढा परत बॉक्समदी ठेवला. विचारलं, तुझ्यासोबत कोन उभं राहनार? तर म्हनली मानसं कमी हायत, आपलं आपन शिकायचं. रमेश खूश, तिथला अनुभव असला की दुबईचा चान्स लागतो. मला म्हनतो, बाबा तुमी मधे पडू नका, तुमाला मिठाशिवाय काय कळतं.

मंग मिठाचंच सांगितलं. खाडीचं पानी आगरात घ्यायला बांधाला फळ्यांचा दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हनतात. उधानाला नव्या गड्याला तिथं एकटा कदीच सोडत नाय. आधी तो चिखल तुडवनार, मीठ ओढनार, पानी बघाय शिकनार. मंग उघाडीवर यायचं, तेबी जुन्याच्या हाताखाली हात ठेवून. फळी उचलताना पानी किती जोर करतं ते हाताला कळतं, डोळ्याला नाय. जुना मानूस एक दिवस आपनच हात काढून घेतो. घाई केली तर बांध फुटतो, सगळ्यांचं मीठ जातं. मी प्राचीला म्हनलं, नोकरीचे महिने नको मोजू. तुझ्या हातावर कोनाचा हात हाय ते सांग.

सोमवारी प्राचीनी मेट्रनच्या तोंडावर सांगितलं, सोबत जुनी सिस्टर द्या, नायतर मी वॉर्डातच बरी. मेट्रन बोलली ही शाळा नाय, बाहेर लाईन लागली हाय. रमेशनी घरी थयथयाट केला, ह्या म्हाताऱ्यानी पोरीची नोकरी घालवली. मला वाटलं, खरंच घालवली काय.

मंग आयसीयूतल्या एका केरळच्या सिस्टरनीच मेट्रनला सांगितलं, जी पोर आपनहून येत नाय म्हनते, ती माझ्या हाताखाली द्या.

काल प्राचीची पयली ड्युटी, त्या सिस्टरबरोबर. मी दुपारपासून ओट्यावर. आली तशी विचारलं, मशीन वाजली?

वाजली.

घाबरली?

हो आजा. पन आधी पेशंटकडं बघितलं. मंग मशीनला हात लावला, तर सिस्टरनी माझ्या हातावर तिचा हात ठेवला. वायर निघाली होती फक्त.

मी म्हनलं जा, हातपाय धू, कालवन गरम हाय. अजून काय बोलनार. पन ती दुसरी पोर, यमुनाजवळची, ती अजून तिथं हाय की सोडून गेली, देवाला ठाव. जिथं असंल तिथं, बाय, तुझ्या पन हातावर कोनाचा तरी हात असो. आमच्या म्हातारीनी ठेवला होता, पन तिचा तर सुटला.