नव्या कुलपाच्या किल्ल्या

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन बहिणी नंबरची वाट बघत होत्या.

“तुझी ती मैत्रीण अजून घरात घुसते?”

“काल तिने सोफा खिडकीकडे सरकवला. परवा डबे उंचीप्रमाणे लावले. मला साखर सापडेना, ताई.”

“तिच्याकडची किल्ली मागून घे.”

“मागितली. म्हणाली, वेडी का तू, तुझं घर ते माझंच.”

“मग कुलूपच बदल.”

“आजच बदलतेय. माणूस आत्ता घरी आलाय.”

“आणि तू इथे? दार कोणी उघडलं त्याला?”

“तिनेच. किल्ली आहे ना तिच्याकडे.”

“कशासाठी बदलतेयस, ते विचारलं नाही तिने?”

“नाही. म्हणाली, बरं केलंस, जुनं अडकतच होतं. वर म्हणाली, नव्याच्या तीन किल्ल्या आहेत, त्यातली एक तुला ठेवते.”