नंबरावरचं कुंकू

(सिल्वासा. आरटीओच्या मागचं पटांगण, दुपारचे सव्वाबारा. स्टँडवर पंधरा वर्षांची मोटरसायकल. तपासणारे साहेब सदाशिव परब, गाडीमालक वाल्मिक आणि त्याची बायको कुसुम.)

सदाशिव : हॉर्न झाला. ब्रेक लागतोय. डावा इंडिकेटर परत दाखवा बघू.

वाल्मिक : पाहा साहेब, एकदम टकाटक. कालच ललितच्या गॅरेजवर नवा बल्ब टाकला. आरसेबी दोन्ही नवे.

सदाशिव : पाहिले. दोन्हीत तुमचाच चेहरा दिसतोय. जरा बाहेर फिरवा, मागचा रस्ता दिसू दे. बरं, इंजिन नंबर जुळला. आता चेसिस नंबर. हा कागद नंबरावर धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. ठसा उठला की सुटलात.

वाल्मिक : कुठं धरू?

सदाशिव : हँडलच्या खाली, उजव्या अंगाला, या नळीवर... वाल्मिकराव, हे काय?

वाल्मिक : कुंकू आहे साहेब.

सदाशिव : कुंकू मला कळतं हो. हा गिलावा आहे.

कुसुम : दसऱ्याचं आहे. दरवर्षी मीच लावते.

सदाशिव : लावा की वहिनी, कोण नको म्हणतं! पण आधीचं पुसून मग नवं लावतात ना?

कुसुम : पुसायचं कसं? पूजेचं लावलेलं कुणी पुसतं का?

सदाशिव : म्हणजे पंधरा दसऱ्यांचे पंधरा थर?

कुसुम : चौदा. एक हुकला.

वाल्मिक : खोबरेल तेलात कालवून लावते ती. पक्कं बसतं.

सदाशिव : बसलंय ते दिसतंय. आणि वरून हे चकचकतंय काय?

वाल्मिक : कुसुम, वरून काय लावलं गं?

कुसुम : नेलपॉलिश.

वाल्मिक : ओ माय!

कुसुम : बिनरंगाचं आहे. आमच्या पोरीच्या, सायलीच्या बाटलीतलं. पावसात वाहून जायला नको म्हणून दोन हात मारले.

सदाशिव : बावीस वर्षं झाली मला या नोकरीत. गंज पाहिला, शेण पाहिलं, एकाच्या सीटखाली उंदराची पिल्लं पाहिली. नेलपॉलिश लावलेली मोटरसायकल आज पहिल्यांदा पाहिली.

वाल्मिक : चालशे ना साहेब तेवढं? बाकी सगळं तर ओके आहे.

सदाशिव : नाही चालणार. नंबर दिसल्याशिवाय हीच ती गाडी, असं मी लिहू कशावरून? आणि तुमच्या आरसीची मुदत आज संपते. आज पास झाली तर पुढची पाच वर्षं बिनघोर. नाही झाली तर उद्यापासून दारात उभी, नवी तारीख मिळेपर्यंत.

वाल्मिक : मेलो! साहेब, दोनची शिफ्ट आहे माझी नरोलीला. सामरवरणीच्या घरून रोज हिच्यावरच जातो. रात्री दहाला सुटल्यावर तिकडून घराकडं कुत्रंबी येत नाही.

सदाशिव : मग लागा कामाला. एक वाजता मी उठतो.

वाल्मिक : पाच मिनिटांचं तर काम. ललितकडून तारेचा ब्रश आणतो, असा रगडतो की—

सदाशिव : खबरदार! आकडे घासले गेले तर चोरीची गाडी म्हणून चौकशी लागेल मागे. नखानं काढा, हळू हातानं.

वाल्मिक : बरं, नखानं. कुसुम, सरक.

कुसुम : नाही.

वाल्मिक : नाही म्हणजे?

कुसुम : त्याला हात लावायचा नाही.

वाल्मिक : अवं, साहेब थांबले आहेत!

कुसुम : थांबू दे. साहेब, तुम्हीच सांगा. गाडी घेतली त्या दसऱ्याला मी पहिलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी नरोलीच्या वळणावर कंटेनरनं यांना उडवलं. गाडी एकीकडं, हे एकीकडं. अंगावर ओरखडा नाही!

वाल्मिक : हेल्मेट होतं गं.

कुसुम : हेल्मेट डोक्याला असतं. हातापायाला काय होतं? पुढं सायलीच्या वेळी मी माहेरी, शिरपूरला. त्या दसऱ्याला कुणी लावलं नाही. आणि दिवाळीच्या आत यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

वाल्मिक : म्हैस आडवी आली होती, अवं!

कुसुम : बाकीच्या चौदा वर्षांत रस्त्यावर म्हशी नव्हत्या का?

सदाशिव : मुद्दा आहे.

वाल्मिक : साहेब, तुम्ही तरी तिच्या बाजूनं बोलू नका!

सदाशिव : मी कुणाच्याच बाजूनं नाही. पण वहिनी, आमच्याकडे मालवणात होडीचीही पूजा होते. हार घालतात, कुंकू लावतात. होडीलाही सरकारी नंबर असतो. तो सोडून लावतात, बाजूला. आजवर एकही होडी रुसली नाही.

कुसुम : तुमची होडी आहे का?

सदाशिव : काकांची आहे.

कुसुम : मग तुम्हाला काय! काकू जागत असतील. रात्री साडेदहा झाले, पावणेअकरा झाले, आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज नाही आला, की मी दारात येऊन उभी राहते. तो सगळा रस्ता ट्रकांचा. मी घरी बसून काय करू शकते? एवढं कुंकूच तर लावते. तेबी खरवडायचं? मला भीती वाटते, साहेब. खोटं कशाला बोलू.

वाल्मिक : हे कधी बोलली नाहीस.

कुसुम : तुम्ही हसले असते.

वाल्मिक : हसलो असतो. पण ऐक. ते वळण आलं ना, की मी गाडी हळू करतो आणि अंगठा नळीवर टेकवतो. रोज. जाताना आणि येताना.

कुसुम : कशाला?

वाल्मिक : कशाला काय! आहे का नाही, पाहायला.

कुसुम : म्हणजे तुम्हीबी...

वाल्मिक : मीबी. कंपनीत सांगू नको कुणाला.

सदाशिव : तरीच! कुंकवामुळे तुम्ही हळू होता, आणि हळू होता म्हणून शाबूत घरी जाता. वाचवतं कोण, ते दोघं घरी भांडून ठरवा. मला नंबर पाहिजे. बारा चाळीस झाले.

वाल्मिक : कुसुम, गाडी नापास झाली तर उद्यापासून मी कसा येणार? कुणाच्यातरी टेम्पोला लटकून. त्या टेम्पोवर कुणाचं कुंकू आहे, सांग बरं?

कुसुम : टेम्पोत नाही बसायचं.

वाल्मिक : मग उडत येऊ का?

कुसुम : ...सरका.

वाल्मिक : कुठं सरकू?

कुसुम : बाजूला सरका. तुम्ही नाही काढायचं. मी लावलं, मीच काढते.

सदाशिव : शाबास! हळू, वहिनी. पापुद्रा निघतोय बघा.

वाल्मिक : हे मधीच पिवळं कसं काय?

कुसुम : त्या साली कुंकू संपलं होतं. नुसती हळद लावली.

वाल्मिक : आणि हे चमचम करतंय ते?

कुसुम : ते सायलीनं लावलेलं. तीन वर्षांची होती, रांगोळीतली चमकी आणली होती तिनं. बोलू नका, नख तुटलं माझं.

सदाशिव : सात दिसला. पुढे? नऊ... चार... थोडं खाली. हं, आता कागद धरा, वाल्मिकराव. पेन्सिल आडवी. उठला! सगळा नंबर जुळतोय. घ्या, पास. पाच वर्षं.

वाल्मिक : लई उपकार झाले साहेब! चल कुसुम, तुला चौकात रिक्षात बसवतो आणि मी निघतो.

कुसुम : आधी घरी चला. कुंकू लावून देते, मग जा.

वाल्मिक : वेळ कुठं आहे? दोननंतर गेटवाला आत घेत नाही.

कुसुम : मग मी येते.

वाल्मिक : कुठं?

कुसुम : नरोलीला. मागं बसते.

वाल्मिक : अवं, मी तर गेटातून आत जाणार. तू तिथं काय करशील?

कुसुम : रिक्षा पकडीन आणि परत येईन.

वाल्मिक : एवढ्या उन्हात, उगाच?

कुसुम : आज नळी कोरी आहे. कोऱ्या गाडीवर मी तुम्हाला एकटं धाडत नाही.

वाल्मिक : आणि पडलो तर?

कुसुम : तर दोघं पडू.

वाल्मिक : ...बस.

सदाशिव : थांबा, थांबा! मागच्याला हेल्मेट कुठाय? वहिनी, हे माझं घाला. उद्या आणून द्या.

कुसुम : देते. पट्टा कसा लावायचा याचा? हां, लागला. अहो, हळू चालवा.

वाल्मिक : अजून चालूच नाही केली गं.